अणुगर्भाची साक्ष



केळे कसे पिकते, हे जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांना मी काय सांगावे? तुरट केळे गोड होते, हे जिभेला कळते. आत स्टार्च मोडून त्याच्या साखरा होतात, हे रसायनशास्त्र सांगते. जिवंत पेशींतील अशा घडामोडींतून निर्माण होणाऱ्या लहान रेणूंना मेटाबोलाइट म्हणतात. रसात, रक्तात, लघवीत ते एकत्र नांदतात. ते वेगवेगळे न करता ओळखायचे कसे?

न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे अणुगर्भाचा चुंबकीय अनुनाद, हे त्याचे एक उत्तर. ‘न्यूक्लिअर’ या शब्दाने दचकण्याचे कारण नाही; येथे बाँब नाही, किरणोत्सर्गही नाही. हायड्रोजनचा अणुगर्भ इवल्याशा चुंबकासारखा वागतो. नमुना प्रबळ चुंबकात ठेवून त्याला रेडिओलहरींचा ठोका दिला, की हे गर्भ आपापल्या सुरात उत्तर देतात; आणि शेजारी कोणते अणू आहेत, त्याप्रमाणे तो सूर किंचित बदलतो. १९५१ साली स्टॅनफर्ड येथील अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलचे तीन निरनिराळे संकेत प्रसिद्ध केले. त्यांचे प्रमाण एक, दोन, तीन असे. रेणूतील हायड्रोजनचे गटही तसेच. म्हणजे ओळख पटते आणि मोजमापही होते. यांतील धर्मट्टींनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया घातला.

१९८४ साली निकोलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने मधुमेही आणि निरोगी माणसांचे रक्त व लघवी तपासली. एकाच नमुन्यातून साखर आणि ॲसिटोनसारखी द्रव्ये एकदम दिसली.

परंतु या यंत्राला मर्यादा आहेत. फार अल्प प्रमाणातील द्रव्य त्याला दिसत नाही. शिवाय, नळीत जे आहे तेवढेच ते सांगते. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात रक्ताची नळी तशीच पडून राहिली, तर पेशी त्यातील साखर खात राहतात आणि लॅक्टिक आम्ल वाढते. यंत्र ते इमानाने दाखवील. पण ती हकिगत रोग्याची नव्हे, रेंगाळलेल्या नळीची! त्यावरून उपचार ठरला, तर भोगणार कोण?

म्हणून मुंबईतल्या मोठ्या चुंबकाइतकीच गावच्या दवाखान्यातली बर्फाची पेटी महत्त्वाची आहे. वेळेवर नमुना थंड करणारा हात हाही संशोधकाचाच हात होय. तो आपल्यांतला कोणाचाही असू शकतो, एवढे ध्यानी घ्यावे आणि मला रजा द्यावी.