खाण बंद करायची का, सर?

पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिले. विषय आला, पुस्तके आली, गुणही आले. पण भावी शिक्षकांना आपण अजून तयार उत्तरेच शिकवतो.

पश्चिम घाटाचेच पाहा. माधव गाडगीळ समितीने २०११ साली संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याच्या तीन श्रेणी केल्या. कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली सुमारे ३७ टक्के भागच धरला. अध्यक्ष दोन्हीकडे शास्त्रज्ञच!

आता खाणीवर ट्रक चालवणाऱ्याच्या मुलाने वर्गात विचारले, "सर, खाण बंद करायची का?" तर शिक्षकाने निकाल देऊ नये. विहिरीचे पाणी, घरची मजुरी, डोंगरावरचे जंगल यांचा हिशेब मुलांकडूनच फळ्यावर मांडून घ्यावा. बी.एड.च्या वर्गात हा सराव कधी होणार?