रागसंगीताची एक विस्मृत ध्वनिमुद्रिका

कल्याणच्या पुढें लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकापाठोपाठ एक लागतात. त्यांपैकीं अंबरनाथ येथें वालधुनी नदीच्या कांठीं शिलाहारांच्या काळचें शिवालय उभें आहे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. त्यांत राजाचें नांव आहे. परंतु ज्या हातांनीं त्या भिंतींतून देवदेवता घडविल्या, त्या हातांच्या धन्यांचीं नांवें आज कोणाच्या ओठांवर नाहींत. ह्याच गांवांतून पुढें घरोघर ऐकल्या गेलेल्या चित्रपटसंगीताची कथा फारशी निराळी नाहीं. फाळणीनंतर छावणींत येऊन राहिलेल्या सिंधी कुटुंबांच्या उल्हासनगरांत काय, किंवा कारखान्यांच्या अंबरनाथांत काय, रेडिओवरून आणि गणेशोत्सवांतील ऑर्केस्ट्रांतून जीं गीतें पोंचलीं, त्यांच्या गायकांचीं नांवें मुलांनाही पाठ असत. संगीतदिग्दर्शकही पुष्कळांस ठाऊक असे. पण दोन कडव्यांच्या मध्यें गिटारीचा जो तुकडा मनांत घर करून बसला, तो कोणी वाजविला, असा प्रश्न सहसा कोणास पडत नसे.

चरणजितसिंग हे मुंबईंतील अशाच अनामिक वादकांपैकीं एक. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा नामवंतांच्या वाद्यवृंदांत त्यांनीं वर्षानुवर्षें साथ केली. गिटार आणि विजेवर चालणारीं सुरावटीचीं वाद्यें हा त्यांचा विषय. नवें वाद्य दिसलें कीं तें हातांत घेऊन पाहावें, हा त्यांचा स्वभाव होता. आणि ह्या स्वभावापायींच १९८२ सालीं त्यांच्या हातून एक विलक्षण वस्तु निर्माण झाली.

तो काळ डिस्कोचा होता. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजाच्या ‘सोल’ आणि ‘फंक’ ह्या संगीतप्रकारांतून डिस्को निपजला आणि १९८० च्या ‘कुर्बानी’नें व १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’नें तो मुंबईच्या चित्रपटांत पुरता रुजविला. पाश्चात्य ठेक्यावर भारतीय स्वर चढविण्याचा प्रयत्न त्यापूर्वीं झाला नव्हता असें नाहीं. कलकत्त्याच्या आनंद शंकर ह्यांनीं १९७५ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेंत सतार आणि फंक ह्यांची मोठी रंगतदार सांगड घातली होती. पण तेथें सतार सतारच राहिली. चरणजितसिंगांनीं त्याहून पुढची पायरी गांठली. त्यांनीं तबला, तंबोरा आणि सतार हीं तिन्ही बाजूस ठेवलीं आणि रोलँड ह्या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें पुढें घेतलीं. एक ताल देणारें, एक खालच्या सप्तकांत स्वरांची सांखळी फिरविणारें, आणि एक पट्ट्यांचें, ज्यावर मुख्य स्वररचना वाजवावयाची. तयार झालेली मुद्रिका ‘हिज मास्टर्स व्हॉइस’नें प्रसिद्ध केली. तिच्या नांवाचा अर्थ ‘डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग’ असा होतो.

ती चालली नाहीं. राग ऐकणाऱ्यास तो ठेका खपला नाहीं आणि नाचणाऱ्यास गाण्याचे शब्द हवे होते. दुकानदारानें ती कोणत्या फळीवर ठेवावी हाही प्रश्नच होता.

पुढें २००२ सालीं एडो बाउमन ह्या डच संग्राहकास दिल्लींत तिची एक प्रत हातीं लागली आणि २०१० सालीं त्यानें ती पुन्हां प्रसिद्ध केली. तेव्हां यूरोपांत एकच खळबळ उडाली. कारण १९८७ सालीं शिकागोंतील तीन तरुणांनीं ह्याच जातीच्या यंत्रावर एक तबकडी काढली होती आणि तींतून ‘ॲसिड हाउस’ नांवाचा नृत्यसंगीताचा पंथ निघाला, असें तिकडे मानलें जातें. मग त्याच्या पांच वर्षें आधीं मुंबईंत हा नाद कोणी काढला? ही सारी बनावट असावी, असाही संशय कित्येकांनीं बोलून दाखविला. संशय फिटल्यावर चरणजितसिंगांना ‘ॲसिड हाउसचा जनक’ ही पदवी मिळाली, आणि आजही त्यांचें नांव निघतें तें बहुधा त्या पदवीसह.

ही पदवी मात्र कानास खटकते. तिनें मुद्रिकेस कीर्ति मिळाली, पण मुद्रिकेंत काय आहे तें झांकलें गेलें. स्वरसांखळीचें तें लहानसें यंत्र मुळांत एकट्या गिटारवाल्यास साथ देण्यासाठीं केलेलें. त्या कामीं तें निरुपयोगी ठरलें, त्याचें उत्पादन १९८४ सालीं बंद पडलें आणि जुन्या बाजारांत तें स्वस्तांत मिळूं लागलें. शिकागोच्या तरुणांनीं त्याच्या खुंट्या पिळून नाद कसा बदलतो, चिरकतो, गढूळ होतो, हें शोधलें. चरणजितसिंगांना त्या यंत्रांत दिसली ती एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय, म्हणजे मींड. यंत्र एकच, पण एकानें त्यांतून नाद काढला आणि दुसऱ्यानें स्वर. एकास दुसऱ्याचा जनक म्हणणें हें दोघांवरही अन्याय करणारें आहे.

तेव्हां ही मुद्रिका रागाच्याच कसोटीवर घासून पाहावी हें बरें. यंत्राच्या ठरीव स्वरांवर राग वाजतो काय, हा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर महाराष्ट्र लुब्ध झाला होता. तरीही श्रुति सांपडत नाहींत ह्या कारणानें आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीस आपल्या दारांत उभें केलें नाहीं. पेटीस मींड नाहीं हा त्या वेळीं मुख्य आक्षेप होता. चरणजितसिंगांच्या यंत्रांना निदान ती तरी आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. पांच मिनिटांत राग कसला मांडतात, असें म्हणणाऱ्यांनीं अब्दुल करीम खांसाहेबांच्या जुन्या तबकड्या आठवाव्या. तेथें तर अवघीं तीन-साडेतीन मिनिटें मिळत.

मुद्रिकेच्या आरंभीं यंत्राच्या घशांतून ‘ॐ नमः शिवाय’ असा घोष उमटतो. अंबरनाथच्या गाभाऱ्यांतील घुमार्‍याशीं त्याचें नातें लांबचें खरें, पण हसूं येण्याजोगा तो मुळींच नाहीं. पहिला राग भैरवी आहे. जी मैफलीच्या शेवटीं गावयाची तिनेंच ह्या गृहस्थांनीं आरंभ केला! तिच्यामागून ललित येतो. ललितांत दोन मध्यम लागोपाठ लागतात आणि पंचम वर्ज्य असतो. कोमल-तीव्राची ती चिंचोळी वाट यंत्राची घसरण अशी कांहीं उतरून जाते कीं ऐकणारा चपापतो. तोडींत मात्र डाव फसतो. तोडीचा गंधार पट्टीवर बसत नाहीं. तो पट्टीच्या किंचित् खालीं, सावकाश डोलत असतो, आणि ह्या ठेक्यास सावकाशी ठाऊक नाहीं. मेघमल्हारांतही पावसाचें गांभीर्य उणें पडतें. यमन गोड, थोडा सरधोपट. परंतु मालकंस! ऋषभ-पंचम गळाल्यामुळें त्या रागांत स्वरांमधील अंतरें मोठीं राहतात. त्या मोकळ्या जागांत खालची सांखळी अखंड फिरत असते, तंबोऱ्यासारखी. आणि तिच्यावर मध्यम येऊन टेंकला म्हणजे डिस्को कोठल्याकोठें विरून जातो. उरते ती मध्यरात्र.

हें एखाद्या नवशिक्याकडून व्हावयाचें नाहीं. वीस वर्षें इतरांच्या गीतांतील दहा-दहा सेकंदांच्या जागा भरतांना जो राग मनांत मुरला, त्यास येथें प्रथमच सलग पांच मिनिटें मिळालीं आहेत.

चरणजितसिंगांनीं सत्तरी उलटल्यावर यूरोपांत कार्यक्रम केले. तेथें तरुण मंडळी त्यांच्यापुढें नाचली. २०१५ सालच्या जुलै महिन्यांत मुंबईंत त्यांचें निधन झालें. मुद्रिका आतां सहज मिळते. ती ऐकावयाची असल्यास दुसरी बाजू आधीं लावावी, आणि मालकंसानंतर लगेच उठूं नये. शेवटीं बैरागी आहे. त्याचा कोमल ऋषभ पहांटेचा असून तेथें ठेकाही जरा मागें सरल्यासारखा वाटतो.