घड्याळाचा खरा चेहरा

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत जुनी वस्तू सहसा टाकून दिली जात नाही. शिंद्यांच्या राजवटीत येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतून पेटीच्या तळाशी काही ना काही जपून ठेवलेले आढळते. थाटीपुर भागातील अशाच एका घराची कल्पना करावी. नातू आजोबांची पेटी उघडतो आणि त्याच्या हाती एक पोलादी मनगटी घड्याळ येते. आजोबा डॉक्टर होते. घड्याळाच्या चावीच्या वर एक व खाली एक अशा दोन कळा आहेत, मोठ्या तबकडीच्या पोटात दोन लहान तबकड्या आहेत, आणि कडेने बारीक आकडे मांडलेले आहेत. तबकडी पिवळसर पडली आहे. घड्याळ बंद आहे.

अशा घड्याळास क्रोनोग्राफ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘काळ लिहिणारा’ असा आहे आणि एके काळी तो अक्षरशः खरा होता. 1821 साली पॅरिस येथील घोड्यांच्या शर्यतीत निकोला रिऊसेक याने जे यंत्र वापरले, ते वेळ टिपण्यासाठी तबकडीवर शाईचा ठिपका उमटवीत असे. पुढे शाई गेली, नाव मात्र राहिले.

मनगटी घड्याळात हे काम कळा करतात. वरची कळ दाबली, की चालत्या चक्राशी मोठ्या सेकंदकाट्याचे चक्र जोडले जाते. पुन्हा दाबली, की ते सुटते आणि काटा जागच्या जागी थांबतो. खालची कळ दाबताच एक चिमुकली हातोडी बदामाच्या आकाराच्या तुकड्यावर येते. तो तुकडा कोणत्याही स्थितीत असो, त्या दाबाने फिरून एकाच ठिकाणी स्थिरावतो, आणि काटा शून्यावर परततो. ही दुसरी कळ 1934 च्या सुमारास आली. त्यामुळे कळांच्या संख्येवरूनही घड्याळाच्या वयाचा काही अंदाज बांधता येतो.

कडेच्या आकड्यांवरून मालकाचा व्यवसाय ओळखू येतो. डॉक्टरने कळ दाबून नाडीचे तीस ठोके मोजावेत आणि पुन्हा कळ दाबावी. वीस सेकंद लागली असतील, तर काटा 90 या आकड्यावर असतो. हेच मिनिटाचे ठोके. दुसऱ्या एखाद्या घड्याळावर मोटारीचा वेग वाचता येतो. एक किलोमीटर अंतर छत्तीस सेकंदांत कापले, तर काटा 100 दाखवितो.

आता पोलादाविषयी. न गंजणारे पोलाद 1913 साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने तयार केले. घाम आणि दमट हवा यांनी मुलामा दिलेले पितळ खराब होते. हे पोलाद टिकते. तरीही अत्यंत महाग यंत्र घेणारा मनुष्य त्यास बहुधा सोन्याचेच कवच मागे. म्हणून काही नमुने पोलादात क्वचितच बनले. पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या 1518 क्रमांकाच्या क्रोनोग्राफची पोलादी घड्याळे अवघी चारच ज्ञात आहेत. त्यांपैकी एक 2016 साली जिनिव्हा येथे लिलावात एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकांना गेले. पोलादाने सोन्याला मागे टाकले!

अशा वार्ता ऐकून जुन्या घड्याळांचा शोध घेणारे वाढतात, आणि मोहही वाढतो. आपल्याकडील बाजारात जुन्या तबकड्या खरवडून नव्याने रंगविण्याचा धंदा चालतो. घड्याळ लखलखते, पण मूळची अक्षरे जातात, आकड्यांची रेघ जाड होते, आणि जाणत्या संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोलही उतरते. शिवाय अंधारात चमकणाऱ्या कित्येक जुन्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असे. त्याची चमक विझली, तरी रेडियमचा किरणोत्सर्ग शतकानुशतके चालू राहतो. असा रंग खरवडणे आरोग्यास घातक आहे.

थाटीपुरच्या त्या नातवालाही बाजारात कोणी सांगते, “तबकडी नवी करून घ्या, चार पैसे अधिक येतील.” तो घरी येऊन आजीस विचारतो. ती घड्याळ डोळ्यांजवळ नेते. “अरे, याच आकड्यांकडे पाहत ते रोग्याची नाडी मोजीत. ते आकडे पुसलेस, तर मग घरात ठेवायचे तरी काय?”

नातू तबकडीस हात लावू देत नाही. जुने तेल वाळून घट्ट झालेले असते. तेवढे घड्याळजीकडून काढवून, यंत्र स्वच्छ करवून तो नवे तेल घालून घेतो. धूळ व पाणी यांपासून ते जपायचे, हेही तो ध्यानात ठेवतो. कारण जुन्या कळांच्या फटींतून दोन्ही आत शिरतात.

घड्याळ चालू होऊन घरी येते, तेव्हा तो आजीचा हात हाती घेतो आणि कळ दाबतो. तीस ठोके होताच पुन्हा दाबतो. पिवळ्या तबकडीवर काटा 72 या आकड्याशी थांबलेला असतो.