रोग्याचा शब्द



आम्ही डॉक्टर नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कामगारांच्या सभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि इस्पितळांच्या बाकांवर. तेव्हा हृदयविकाराने अत्यवस्थ झालेल्या रोग्याविषयी आम्ही बोलावे, हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु अतिदक्षता विभागाच्या दाराआड जे घडते, तो वैद्यकाचा प्रश्न आहे तसाच हक्काचाही आहे. आणि हक्काचा प्रश्न हे तर आमचे रोजचे काम.

प्रथम रोगाची चाल पाहू. हृदय दुबळे झाले म्हणजे पाय सुजतात, फुप्फुसांत पाणी साठते, आडवे होताच धाप लागते. रोगी इस्पितळात जातो, औषधाने पाणी उतरते, काही महिने तो हिंडतो फिरतो, आणि पुन्हा पडतो. कर्करोगाच्या अखेरीची उतरण बहुधा दिसून येते. येथे प्रत्येक घसरणीनंतर थोडा चढ असतो. म्हणून घरच्यांना आणि डॉक्टरांनाही वाटत राहते की, याही खेपेस निभावेल. ज्या खेपेस निभावत नाही, त्या खेपेस रोग्याच्या घशात नळी असते. त्याला विचारण्याची वेळ टळून गेलेली असते.

आमच्या एका यंत्रमाग कामगाराचे असेच झाले. अकरा दिवस तो कृत्रिम श्वासावर होता. बिलाचा आकडा रोज कळे; प्रकृतीविषयी मात्र ‘प्रयत्न चालू आहेत’ एवढेच. त्याची बायको आम्हांला म्हणाली, “भाऊ, ह्यांना काय पाहिजे होतं, ते शुद्धीवर असताना कोणी ह्यांनाच का नाही विचारलं?” आम्हांपाशी उत्तर नव्हते. शेवटी पैसे संपले, आणि ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ या कागदावर तिची सही घेण्यात आली. धापेवर औषध नाही, सोबत परिचारिका नाही. मंडळी, उपचार लादणे आणि रोग्याला वाऱ्यावर सोडणे, हे दोन अन्याय निरनिराळे दिसतात. पण दोहोंचे मूळ एकच. रोग्याचा शब्द कोणी घेतलेला नसतो.

यावर इलाज म्हणजे उपशामक शुश्रूषा. तिचा अर्थ उपचार सोडणे असा नव्हे. ती उपचारांच्या जोडीने पहिल्यापासून चालावयाची असते. वेदना आणि धाप हलकी करणे, झोप मिळवून देणे, भीती ऐकून घेणे, कुटुंबाला खरी स्थिती सांगणे, हे तिचे काम. योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन हे मारण्याचे औषध नव्हे. २०१४ साली कायदा दुरुस्त करून वैद्यकीय उपयोगासाठी त्याची वाट सुलभ करण्यात आली आहे. काही रोग्यांच्या छातीत, हृदयाची लय बिघडताच विजेचा धक्का देणारे यंत्र बसवलेले असते. जीव वाचवण्यास ते मोलाचे; परंतु अखेरच्या घटकांतही ते धक्के देऊ शकते. शस्त्रक्रियेवाचून ते धक्के बंद ठेवता येतात, ही गोष्ट रोग्याला आधीच कळली पाहिजे.

कायदाही आता मुका नाही. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सन्मानाने मरणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील हक्काचा भाग मानला आणि आगाऊ इच्छापत्र मान्य केले. पूर्वी त्यावर दंडाधिकाऱ्याची सही लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी ती अट निघाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. उपचार थांबवण्यापूर्वी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे रोग्याची स्थिती तपासतात. इंजेक्शन देऊन जीव घेण्यास मात्र कायद्याची परवानगी नाही. हा भेद ध्यानात ठेवावा.

कोणी म्हणेल, युनियनच्या माणसाने जास्त उपचार मागावेत, की थांबण्याची भाषा बोलावी? शंका रास्त आहे. ज्याला वेळेवर औषध मिळाले नाही, अँजिओप्लास्टी परवडली नाही, त्याला सन्मानाच्या मरणाचे व्याख्यान देणे ही थट्टा होय. म्हणून आधी उपचारांचा हक्क. आणि खाट रिकामी करण्यासाठी किंवा बिल थकले म्हणून उपचार थांबवणे, यास आमचा विरोध राहील. परंतु कामगारांना वाचून न दाखवलेल्या करारावर आम्ही सही करीत नाही. मग माणसाच्या अखेरच्या दिवसांचा करार त्याच्या पाठीमागे का व्हावा?

आमच्या मागण्या साध्या आहेत. रोगी बरा असतानाच डॉक्टरांनी त्याच्याशी बसून बोलावे. यंत्र लावतानाच सांगावे की, इतके दिवस पाहू, गुण न आल्यास पुन्हा बसून ठरवू. घरी न्यावयाचे ठरल्यास औषध आणि परिचारिका यांची सोय त्याच्याबरोबर जावी. आणि अखेरच्या वेळी घरच्या एका माणसाला खाटेपाशी बसू द्यावे. त्याला यंत्र लागत नाही.

आपणही आज घरी जाऊन वडीलधाऱ्यांना विचारा, आणि आपला शब्द मुलांना सांगून ठेवा. अभद्र बोलल्याने मरण लवकर येत नाही. न बोलल्याने मात्र ते अवघड होते.