कंडक्टर नसलेली गाडी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आज परदेशात आहेत. आपण तिकडे जातो, दोन-तीन महिने राहतो आणि सोमवार ते शुक्रवार खिडकीत बसून शनिवारची वाट बघतो. स्वस्तात कसं फिरायचं यावर बोल, असं संयोजकांनी सांगितलंय. मी अनुभवाचंच सांगते.

पहिल्यांदा जर्मनीला लेकीकडे गेलो तेव्हा आमचे हे बरोबर होते. तिकीट, पैसे, नकाशा सगळं त्यांच्याकडे. २०२५ मध्ये मी एकटी गेले. लेकीला रजा नव्हती. आठवडाभर भिंती बघितल्या. मग आठवलं, साळावचा पूल नव्हता तेव्हा आपण तरीने खाडी ओलांडून, रेवदंड्याला एसटी पकडून अलिबागला जायचो. तेव्हा भ्यायलो नाही, मग आता का?

फरक एवढाच की तिकडे गाडीत कंडक्टर नसतो. ते काम आपणच करायचं. हे मला दंड भरून कळलं. मशिनमधून तिकीट काढलं आणि पर्समध्ये जपून ठेवलं. तपासनीस आला, तर म्हणे यावर ठसा नाही! तिथे कागदी तिकीट छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा ठसा आपणच उमटवायचा होता. आपल्याकडे कंडक्टर पंच करून द्यायचा, मला कुठलं सुचायला? ६० युरो दंड झाला. रडू आलं. घरी सांगितलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडले.

तर आता कामाच्या गोष्टी.

जर्मनीत 'डॉइचलांड तिकीट' नावाचा महिन्याचा पास आहे. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोंना सुरू झाला, मी गेले तेव्हा ५८ युरो होता. देशभरातल्या शहरी बस, ट्राम, मेट्रो आणि साध्या गाड्यांत तो चालतो, लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत नाही. म्हणजे साधी एसटी चालेल, एशियाड नाही! मात्र हा पास पुढच्या महिन्यात आपोआप चालू राहतो. नको असेल तर १० तारखेपर्यंत बंद करायला हवा.

लंडन, सिंगापूरला बँकेचं कार्ड टेकवूनच प्रवास होतो. रेल्वेतून बाहेर पडतानाही कार्ड टेकवा, नाहीतर जास्तीचं भाडं कापलं जातं. लंडनमध्ये दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, म्हणून दिवसभर एकच कार्ड वापरा. आणि नवरा-बायकोचं कार्ड वेगवेगळं हवं.

दुकानातलं मशिन विचारतं, पैसे रुपयांत कापू की युरोत? नेहमी तिथलं चलन निवडा. रुपये निवडले की दर महाग लागतो.

जर्मनीत नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली विकत घेऊ नका. रविवारी बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे दूध-पाव शनिवारीच आणा. डब्यात पोळी-भाजी घेऊन बागेत बसलात तर कुणी हसत नाही, तेही तेच करतात. नातवंडांसाठी तूप, पेढे मात्र नेऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

विम्यात कंजुषी करू नका. शेंगेन व्हिसाला निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. आपल्या वयाला बीपी, शुगर असतेच, तेव्हा जुने आजार त्यात धरलेत का, हे वाचून घ्या. राहणं १८० दिवसांत ९० दिवसच, तेही नीट मोजा.

आपलं गाव काही घरकोंबडं नाही. हबसाणातली माणसं शंभर वर्षांपूर्वी बोटीनं केप टाउनला पोचली. आपल्या वर्गातलेही कितीजण आखातात राहून आले. त्यांच्या हातात कुठे मोबाइलचा नकाशा होता?

काल रात्री एक मैत्रीण हळूच म्हणाली, "हे गेल्यापासून माझा पासपोर्ट कपाटातच आहे गं." बाई, उद्या तो बाहेर काढ आणि मुदत बघ. शेंगेनला परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक लागतात. संपत आली असेल तर आत्ताच नवा कर. मग मला फोन कर. तिकिटावर ठसा कुठे मारायचा, ते मी तुला दाखवीन.