माउली म्हणायचं ते कुणाला?



मी चौथी शिकलेला माणूस. दिवसा रानात, रात्री टाळात. आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, दोन शब्द बोला म्हणाले. मी एकाच शब्दावर बोलतो. तो शब्द माउली.

वारीत आपण सगळ्यांनाच माउली म्हणतो. पाणी देणारा माउली, ट्रकचा डायवर माउली, वाट अडवणारा पोलीससुद्धा माउली. शब्द आईचा, पण बाप्याबाई दोघांनाही चालतो. मूळचा तो ज्ञानोबारायांचा. आई लेकराला घास मऊ करून भरवते, तशी त्यांनी संस्कृतातली गीता नेवाशात मराठीत सांगितली, शके 1212 मध्ये. अडाण्यालाही कळावं म्हणून.

आता गावात नवखा माणूस आला की आपण काय विचारतो? आधी नाव, मग आडनाव. त्यानं उलगडा झाला नाही की हळूच, "कुणापैकी?" किती गोड प्रश्न बघा! त्यात जात हा शब्द कुठंच नाही, पण विचारायचं तेच असतं. माणसाचा स्वभावच असा, समोरच्याला एका दाव्याला बांधल्याबिगर त्याला चैन पडत नाही.

मग ओळख पुसून टाकायची का? संतांनी तसं केलं नाही. सावतोबा अरणचे माळी, गोरोबा तेरचे कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. नाव घेतलं की धंदा आलाच. ज्याच्या हातात जे अवजार, त्याच्याच बोलीत त्यांनी देव सांगितला. ओळख लपवली नाही, पण तिचं कुंपण केलं नाही.

कुंपण बाकीच्यांनी केलं. पंढरपुरात महाद्वारापुढं चोखोबांची समाधी आहे. तिथं डोकं टेकून आपण आत जातो. पण त्यांच्या समाजाला आत जायला सन 1947 उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजी उपोषणाला बसले. तोवर शेकडो वर्षं त्याच दारातून माउली म्हणणारेच आत-बाहेर करत होते. शब्द जिभेवर लवकर येतो मायबाप, हातात उतरायला फार उशीर लागतो.

आजचंही तेच. वाटेनं एका पंगतीत जेवलेले दोघं गावी आले की बांधावरून कोर्टात उभे. डोक्यावर तुळस घेऊन चाललेली बाई वाटेवर माउली, घरचा उंबरा ओलांडला की "ए". खुरपायला येणारीला तर नावसुद्धा नाही, ती नुसती रोजाची बाई.

माझं मागणं एवढंच. वारी करून परत आल्यावर माळ गळ्यात राहती, तसा हा शब्दही तोंडात राहू द्या. ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्यालाच आधी म्हणून बघा. सोपं नाही. पण सकाळी ज्याला माउली म्हटलं, दुपारी त्याचा बांध कोरायला हात जड होतो. तो जड झालाच पाहिजे.

दिंडीत आता नवी पोरं येतात. त्यांना पावली शिकवा, चाली शिकवा. फक्त पंगतीत शेजारच्याला "कुणापैकी" विचारायला शिकवू नका. आणि त्यांना कुणी विचारलंच, तर त्यांनी सांगावं, "आम्ही माउलींपैकी."

रामकृष्णहरी.