घासाची वाट आणि घरची वाट
(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

हिवाळी सहलीविषयी चार शब्द बोला, असा कार्यवाहांचा आग्रह झाला. सहलींच्या गमतीजमती सगळेच सांगतात. मी आज माझी एक चूक सांगणार आहे. ज्यांच्या जिवावर ती बेतली असती ते आपले नाना समोर पहिल्याच रांगेत बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच बोलतो आहे.

२०१९ साली २६ जानेवारी शनिवारी आली होती. झेंडावंदन आटोपून आम्ही अकरा जण देहरादूनहून निघालो. मसुरी, केम्प्टी, यमुना पूल, नैनबाग करत संध्याकाळी पंतवाडीला पोहोचलो. बेत नाग टिब्ब्याचा होता. उंची ३०२२ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण मी एप्रिलमध्ये एकदा तिथे जाऊन आलो होतो आणि तरुणपणी हरिश्चंद्रगड, राजमाची पालथे घातले होते. त्यामुळे गावातला एक तरुण ‘वाट दाखवायला येतो’ म्हणाला, तेव्हा मी त्याला ऐटीत सांगितलं, ‘रास्ता मालूम है.’ वाटाड्याचे पैसे वाचले, याचं समाधानही वाटलं.

रविवारी सकाळी पोहे, चहा, फोटो यांत निघायला नऊ वाजले. पण जंगलात शिरलो आणि सगळे गप्प झाले. आपल्याकडे सह्याद्रीत थंडी सरता सरता रानाची पानगळ सुरू होते. इथला बांज मात्र भर हिवाळ्यातही हिरवागार. त्याच्या पानाची खालची बाजू पांढुरकी असते. वारा आला की सगळा उतार चंदेरी होतो. खोडांवर शेवाळ, मधूनच देवदार, आणि बुरांशाच्या फांद्यांवर बंद कळ्या. वर नागदेवतेच्या देवळाजवळ गुडघाभर बर्फ होतं. मुलांना आवरता आवरेना. समोर बंदरपूंछ लखलखत होता.

खरं म्हणजे तिथूनच परतायला हवं होतं. पण ‘आलोच आहोत तर माथा गाठू’ म्हणून मी सगळ्यांना वर नेलं. उतरायला लागलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. चारच्या सुमारास ऊन डोंगराआड गेलं, ढग खाली आले आणि बर्फाने झाकलेली वाट दिसेना. एके ठिकाणी दोन फाटे फुटले. त्यातला रुंद, मळलेला फाटा मी धरला. अर्ध्या तासाने तो फांद्या छाटलेल्या बांजांच्या झुंडीत जाऊन चक्क संपला. पुढे नुसता खोल उतार.

त्याच वेळी नाना मागे पडू लागले. त्यांच्या अंगात सुती बनियन, सुती शर्ट आणि जीन्स. चढताना घामाने भिजलेले कपडे अंगावरच थंडगार झालेले. दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते, हे शाळेत शिकलो होतो. पण ओला सुती कपडा अंगातली ऊब शोषून घेतो, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. नाना सारखे ‘मी ठीक आहे’ म्हणत होते, पण जीभ जड झाली होती आणि जाकिटाचं बटण लावता येत नव्हतं.

हे हेरलं आमच्या वहिनींनी. नवऱ्याला त्या म्हणाल्या, ‘अहो, चादर धरा आडवी.’ नानांचे ओले कपडे उतरवले, दोघांचे कोरडे स्वेटर चढवले, डोक्याला मफलर गुंडाळला, पाठपिशव्यांवर बसवलं, म्हणजे जमिनीचा गारवा लागू नये. थर्मासमधला गोड चहा आणि संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू थोडे थोडे दिले. कुणीतरी ब्रँडीची बाटली काढली. वहिनींनी ती हातातून घेतली. ‘दारूने ऊब आल्यासारखं वाटतं, पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. आणि हातपाय चोळू नका. थरथरताहेत तोवर बरं आहे. थरथर थांबली आणि माणूस सुस्तावला, तर भ्यायचं.’

मला खाली उतरत राहायचं होतं. सह्याद्रीत घळीने उतरलं की कुठेतरी वाडी लागते, हा माझा हिशेब. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, आपल्या पावलांचे ठसे अजून दिसताहेत. अंधार पडायच्या आत फाट्यापर्यंत परत जाऊ या.’ मी ऐकलं. त्या दिवशी मी केलेली तेवढी एकच शहाणपणाची गोष्ट. नानांना दोन्ही बाजूंनी धरून फाट्याशी आलो, तोच खालून टॉर्चचा उजेड दिसला. सकाळचाच तरुण. अंधार पडत आला तरी आम्ही उतरलो नाही म्हणून, कुणी न सांगता, शोधायला निघालेला. आमची पावलं कुठे वळली ते पाहून तो एवढंच म्हणाला, ‘साहब, यह घास का रास्ता है, घर का नहीं.’

गावच्या बायका गुरांसाठी बांजाचा पाला आणायला त्या वाटेने जातात. त्यांच्या रोजच्या पावलांनी ती रुंद झालेली. पाला मिळतो तिथे ती संपते. हे त्या गावातल्या लहान पोरालाही ठाऊक. पंचवीस वर्षं उत्तराखंडात काढलेल्या मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

मंडळी, नोकरीच्या निमित्ताने आपण इथे आलो, घरं बांधली, गणपती बसवला. पण चालताना मी अजून सह्याद्रीच्याच नकाशावर चालत होतो. सह्याद्रीने मला चालायला शिकवलं, त्याचं ऋण आहेच. पण इथल्या रानाची ओळख इथल्याच माणसांकडून करून घ्यायला हवी.

म्हणून यंदाच्या सहलीसाठी माझ्या चार विनंत्या आहेत. स्थानिक वाटाड्या घ्यायचाच. त्याचा खर्च वर्गणीत आधीच धरायचा. अंगालगत सुती कपडा नको, आणि कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर हवाच. परतायची वेळ निघतानाच ठरवायची आणि माथा हाताशी आला तरी ती पाळायची. शेवटची विनंती म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याला सर्वांत पुढे ठेवायचं.

नाना यंदा येणार आहेत. त्यांनी लोकरीचे दोन स्वेटर घेतले आहेत. ब्रँडी मात्र घरीच ठेवा, असा वहिनींचा निरोप आहे.

तिळगूळ घ्या, गोड बोला.